मेणाचा दुसरा ठोकळा

शिल्लकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं त्यांनी सुट्या भागांचं भांडार सांभाळलं, आणि त्या चौतीस वर्षांत एकाही फिटरला मागितलेला सगळा माल एका खेपेत मिळाला नाही. चार बेअरिंगं मागितली की तीन मिळायची. दोन पट्टे मागितले की एक पट्टा मिळायचा आणि वर एक वाक्य, "दुसरा शिल्लकेत राहू दे. उद्या दुसरी गाडी अडली तर तिथे काय तुला बांधू?" गाड्या अडत नव्हत्या असं नाही. पण शिल्लकरावांच्या रॅकवरचा शेवटचा नग कधी हलला नाही, आणि याचा त्यांना जो अभिमान होता तो काही लोकांना स्वतःच्या मुलाबाळांचाही नसतो. निवृत्त होताना नवीन माणसाच्या ताब्यात माल दिला, तेव्हा त्यात काही भाग असे निघाले की त्या मॉडेलची शेवटची गाडी भंगारात जाऊन वीस वर्षं झाली होती. फिटर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शिल्लकरावांनी त्या कौतुकाच्या म्हणून घेतल्या.

घरी मात्र त्यांना बायको अशी मिळाली होती की तिच्यापासून काही राखून ठेवणं कठीण. बाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अठ्ठावीस वर्षं कानाला यंत्र लावून त्यांनी लोकांना लोकांशी जोडून दिलं, आणि त्या नोकरीत त्यांना एक विद्या आली. माणूस 'हॅलो' कसं म्हणतो यावरून तो पुढे खरं बोलणार की खोटं, हे त्यांना आधीच कळायचं. शिल्लकरावांनी या विद्येचा धसका घेतला होता. काही लपवायचं असलं की ते बोलतच नसत. ते गप्प बसले की बाईंना कळायचं, काहीतरी लपवलंय.

अशा या घरात खोकला आला आणि तीन महिने मुक्कामाला राहिला. आधी हवा बदलली म्हणून आला होता, मग पंख्याखाली झोपता म्हणून, आणि त्यानंतर औषधाच्या दुकानातल्या लाल बाटलीला न जुमानता. एके दिवशी जिना चढताना शिल्लकराव मधल्या वळणावर थांबले आणि भिंतीवरची नोटीस वाचू लागले. नोटीस पाण्याची टाकी साफ करण्याबद्दल होती आणि दोन वर्षं जुनी होती. बाईंनी ती त्यांना पूर्ण वाचू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला धरून दवाखान्यात नेलं.

फोटो झाला, स्कॅन झाला, मग पाठीतून लांब सुई घालून गाठीचे बारीक तुकडे काढले. सुईने फुफ्फुसाला जरा जास्तच ओळख दाखवली. आत हवा सुटली आणि शिल्लकराव चार दिवस छातीत नळी घेऊन पडून राहिले. पाचव्या दिवशी निदान आलं. उजव्या फुफ्फुसात कॅन्सर, डाव्यात दोन-चार ठिपके. ऑपरेशनची वेळ निघून गेलेली.

सगळ्यात मोठा धक्का बसला तो मेव्हण्यांना. बाईंचा हा धाकटा भाऊ साठीचा होता, टायरचं दुकान चालवायचा, आणि घरात अजून 'बाळ' होता. चाळीस वर्षं तो सिगारेट ओढत आला होता. शिल्लकरावांनी जन्मात कधी पेटवली नव्हती.

"ओढतो मी, भाऊजी, आणि लागतं तुम्हाला?" तो इतक्या दुखावलेल्या सुरात म्हणाला, की जणू त्याच्या नावाचं पार्सल शिल्लकरावांनी सही करून घेतलं होतं.

डॉक्टर तरुण होत्या आणि सरळ बोलायच्या. त्यांनी खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली.

"काका, फुफ्फुसाचा कॅन्सर हे एका आजाराचं नाव नाही. डझनभर आजारांचं आडनाव आहे. गाठीच्या पेशींमध्ये कुठल्यातरी जीनमध्ये बिघाड झालेला असतो. नेमका कुठल्या, ते तपासता येतं. आणि काही बिघाडांवर थेट त्याच बिघाडाची गोळी मिळते. ती दुसऱ्याला काही कामाची नाही, पण ज्याला लागू पडते त्याला केमोपेक्षा पुष्कळ चांगली पडते. कधीच न ओढणाऱ्यांमध्ये असा बिघाड सापडायची शक्यता बरीच जास्त असते."

"म्हणजे गाडीचं मॉडेल कळल्याशिवाय पार्ट द्यायचा नाही," शिल्लकराव म्हणाले.

"अगदी बरोबर."

"आणि मॉडेल कळलं, पण त्याचा पार्टच निघाला नसला तर?"

"तर केमो आहेच. पण आधी बघू तरी."

शिल्लकरावांना डॉक्टर एकदम पसंत पडल्या. चौतीस वर्षांत त्यांना असा एकही इंजिनियर भेटला नव्हता.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. गाठीचे काढलेले तुकडे मेणात बसवून ठेवतात. काड्यापेटीहून लहान ठोकळा, मागे प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर नंबर. हे ठोकळे रुग्णालयाच्या खिडकीवरून सही करून घ्यायचे आणि जीन तपासणाऱ्या लॅबमध्ये नेऊन द्यायचे, ती लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाई म्हणाल्या, मी येते. शिल्लकराव म्हणाले, सामान पोचवायला दोन माणसं कशाला. ते एकटेच निघाले.

बसमध्ये त्यांनी डबी उघडून पाहिली. ठोकळे दोन होते. एकात गाठीचा नखाच्या कडेएवढा एकच फिकट धागा, दुसऱ्यात तसले तीन. शिल्लकरावांनी डबी मिटली. परत उघडली. सगळाच्या सगळा माल पहिल्याच मागणीला देऊन टाकायचा? लॅबवाल्यांनी हरवला तर? पुन्हा सुई? नळीची जागा अजून ठणकत होती. आणि समजा, द्यायचा झाला एकच, तर भांडाराचा नियम काय सांगतो? चांगला नग शिल्लकेत.

लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने ठोकळा उजेडात धरला.

"एकच आहे का, काका?"

"एकच," शिल्लकराव म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही. फिटर लोकांना त्यांनी हा शब्द याच आवाजात हजारो वेळा ऐकवला होता.

तीन धाग्यांचा ठोकळा घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात गेला. त्या डब्यात फ्यूज, टोपणं, तुटलेल्या घड्याळाचा पट्टा, आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच माहीत नसलेली किल्ली अशी मंडळी आधीपासून राहत होती. शिल्लकरावांना त्या दिवशी फार दिवसांनी शांत वाटलं. आजार असला तरी आपली बाजू भक्कम आहे, असं त्यांचं मत झालं.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलं. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मेव्हणे, मध्ये शिल्लकराव.

"तपासणी होऊ शकली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नमुना अपुरा पडला. त्या ठोकळ्यात पेशी फारच कमी होत्या."

"आणखी नाही का काही?" बाईंनी विचारलं.

"मी पॅथॉलॉजीला फोन केला. ते म्हणतात, आमच्याकडे काही उरलं नाही, होतं ते सगळं काकांकडे दिलं."

शिल्लकराव समोरच्या वजनकाट्याकडे बघत राहिले.

"परत सुई घालायची माझी तयारी नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "गेल्या वेळी हवा सुटली, या वेळी जास्त त्रास होईल. रक्तातूनही शोधता येतं, ते मी गेल्या आठवड्यातच पाठवलंय, आज-उद्या कळेल, पण रक्तात सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं धरता येत नाही. आणि फार थांबण्यातही अर्थ नाही. मंगळवारी दाखल व्हा, केमो सुरू करू."

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," मेव्हणे म्हणाले. ते पहिल्यापासून बऱ्याच गोष्टी म्हणत होते, त्यामुळे त्यांतली एखादी नेहमी बरोबर निघायची.

आता वाचक म्हणेल, तिथेच तोंड उघडायला काय झालं होतं? पण ज्याने चाळीस वर्षं संसारात 'तुमची ही साठवायची खोड एक दिवस आपल्याला घेऊन बुडणार' हे वाक्य ऐकलं आहे, त्याला विचारा. शिल्लकरावांनी मनात बेत केला: घरी जायचं, गुपचूप डब्यातून ठोकळा काढायचा, गुपचूप लॅबमध्ये द्यायचा, आणि रिपोर्ट आला की लॅबच्या नावाने दोन शब्द बोलून मोकळं व्हायचं.

घरी आल्यावर बाई बॅग भरायला बसल्या. शिल्लकराव पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. डबा खाली काढला. फ्यूज होते, टोपणं होती, किल्ली होती. ठोकळा नव्हता.

त्यांनी डबा ओट्यावर पालथा केला. सगळं एकेक करून परत भरलं. परत पालथा केला. खोकला आला, तो त्यांनी बाहीत दाबला.

"काय शोधताय?" आतून आवाज आला.

शिल्लकराव गप्प बसले.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय लपवलं होतं?"

"लपवलं नव्हतं. ठेवलं होतं. या डब्यात एक मेणाचा..."

"तो तुकडा होय? मी घेतला. बॅगेची चेन अडकत होती, तिच्यावर घासला. फार छान सरकते आता." बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "का? कसला होता?"

शिल्लकराव ओट्याला टेकले. मग त्यांनी सांगितलं. दोन ठोकळे, बस, एक धागा, तीन धागे, काउंटरवरची मुलगी. इतकं सलग खरं ते लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा बोलले नव्हते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"तुमच्या जिवाची धास्ती घेऊन मी रोज सकाळी उठते," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि तुम्ही तुमचा कॅन्सर फ्यूजांच्या डब्यात ठेवलात."

"चुकलं माझं."

"चांगला तुकडा ठेवलात, आणि रद्दी तुकडा दिलात."

"हो."

"आणि मी तो चेनवर घासला."

"हो," शिल्लकराव म्हणाले. हा शेवटचा 'हो' जरासा लवकर आला, आणि बाईंच्या ते लक्षात आलं. भांडणाच्या तराजूत एवढा वेळ एकाच पारड्यात माल पडत होता, तो आता दोन्हीकडे सारखा झाला होता. बाईंनी शिवणाच्या पेटीतून ठोकळा काढला. एक कड गुळगुळीत झिजली होती. वरचा भाग धूसर दिसत होता, धागे आहेत की नाहीत कळेना.

"चला," त्या म्हणाल्या. "चप्पल घाला."

लॅबच्या काउंटरवर तीच मुलगी होती. तिने ठोकळा पाहिला, मग शिल्लकरावांना पाहिलं.

"एकच आहे म्हणाला होतात ना, काका?"

"तेव्हा एकच होता," शिल्लकराव म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "म्हणजे, दोन होते," ते म्हणाले.

"हा असा घेता येत नाही मला. डॉक्टरांचा नवीन फॉर्म लागेल, आणि पॅथॉलॉजीची चिठ्ठी, की हा नंबर याच पेशंटचा."

"अहो, नंबर त्यावरच आहे. मी पेशंट इथेच उभा आहे."

"चिठ्ठीशिवाय नाही, काका."

"पण मंगळवारी केमो आहे."

"म्हणूनच तर. गडबडीत भलत्याच माणसाचा ठोकळा आत गेला तर? दुसऱ्याचा रिपोर्ट तुमच्या नावावर निघेल."

शिल्लकरावांनी वाद घालायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या मुलीच्या जागी चौतीस वर्षं ते स्वतः उभे होते. खिडकीच्या या बाजूने हे सगळं कसं दिसतं ते मात्र त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं. बाईंना एवढ्या काळजीतही मजा वाटली असावी, कारण त्या पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागल्या.

आतून एक चष्मेवाले गृहस्थ बाहेर आले. ठोकळे कापून तपासायचं काम त्यांचं. त्यांनी ठोकळा हातात घेऊन वळवून वळवून पाहिला.

"हा कशावर घासलाय?"

"बॅगेच्या चेनवर," बाई म्हणाल्या. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, उत्तर द्यायला कचरल्या नाहीत.

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. "वीस वर्षांत लोकांनी फ्रिजमध्ये ठेवलेला पाहिला, गाडीत उन्हात विसरलेला पाहिला. चेनवर घासलेला हा पहिला." त्यांनी परत उजेडात धरला. "कडेचं मेण गेलंय. वरचा थरही थोडा गेला असेल. आत किती राहिलंय ते कापल्यावरच कळेल. चिठ्ठ्या आणा, मी पुढे घेतो."

डॉक्टरांना फोन बाईंनीच लावला, आणि लाइन लागल्यावर शिल्लकरावांच्या हातात दिला. अशा वेळी कोणाला कोणाशी जोडून द्यायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. शिल्लकरावांनी पुन्हा सगळं सांगितलं.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "मी पॅथॉलॉजीवाल्यांना तुमच्यामुळे ओरडले."

"त्यांची माफी मागतो मी."

"ती मी मागेन. तुम्ही ऐका. रक्ताच्या तपासणीत काही सापडलं नाही, आत्ताच कळलं. आता सगळं या ठोकळ्यावर आहे. तुमची तब्येत दहा-बारा दिवस थांबण्यासारखी आहे म्हणून मंगळवार पुढे ढकलते. त्यापुढे एक दिवसही नाही. दम वाढला तर लगेच यायचं. आणि हे लक्षात घ्या, ठोकळ्यात पुरेसं निघालं नाही, किंवा निघून काही सापडलं नाही, तर हे दिवस आपण फुकट घालवले."

फोन ठेवल्यावर शिल्लकराव म्हणाले, "मी घालवले."

"'आपण' म्हणाल्या त्या," बाई म्हणाल्या. "डॉक्टर आहेत, नीटच बोलल्या असतील."

त्या बारा दिवसांत घरात सगळे एकमेकांशी फार चांगलं वागत होते, आणि त्याचाच त्रास होत होता. बाई टोमणे मारीनात. शिल्लकराव डब्यांकडे बघीनात. खोकला मात्र आपलं काम चोख करत होता. जिन्याच्या मधल्या वळणावर आता खुर्ची ठेवली होती. ती शेजाऱ्यांसाठी आहे, असं शिल्लकराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

एका दुपारी ते आतल्या खोलीत गेले तर बाई खिडकीशी बॅग मांडीवर घेऊन बसलेल्या. हातात भिंग. चेनचा एकेक दात त्या तपासत होत्या.

"काय बघतेस?"

"काही नाही."

शिल्लकराव शेजारी बसले. भिंग त्यांनी हातात घेतलं आणि उरलेली अर्धी चेन तपासली. पांढरं मेण होतं, काळी धूळ होती, बॅगेचा एक निळा दोरा होता.

"धागे फिकट होते," ते म्हणाले. "असला निळा नव्हता."

"नक्की?"

"नक्की. माल माझ्या हाताखालून गेलाय."

बाईंनी बॅग बाजूला ठेवली. "तुम्ही दोन्ही ठोकळे दिले असते ना," त्या म्हणाल्या, "तर मी तुम्हाला एवढं ओळखते असं मला म्हणता आलं नसतं." ही शिवी होती की कौतुक, हे शिल्लकरावांना ठरवता आलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

मेव्हणे रोज यायचे आणि केमोची बाजू मांडायचे. डॉक्टरांनी त्यांना एकदा सहज विचारलं होतं, "तुम्ही अजून ओढता का?" तेव्हापासून ते बेचैन होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून पाकीट काढून शिल्लकरावांपुढे ठेवलं.

"भाऊजी, हे तुमच्याकडे असू द्या. मी मागितलं की एक द्यायची. माझ्याच्याने मोजून ओढणं होत नाही."

शिल्लकरावांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी चमक आली. "कशासाठी पाहिजे?"

"म्हणजे? ओढायला."

"मागची संपली का? थोटूक दाखव."

पहिल्या दिवशी मेव्हण्यांना पाच मिळाल्या, दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी ते संतापून म्हणाले, "माझं पाकीट आहे ते, भाऊजी." शिल्लकराव म्हणाले, "अर्ज दे." बाई आतून एवढ्या हसल्या की चहा उतू गेला. दहाव्या दिवशी मेव्हण्यांनी मागणंच सोडलं. सोडायची इच्छा होती म्हणून नव्हे, अपमान नको म्हणून. पण सुटली ती सुटली.

बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. बाईंनी उचलला. पलीकडून डॉक्टरांचं "हॅलो" आलं आणि बाई खुर्चीवर बसल्या.

"चांगलं आहे," त्या फोनवर हात ठेवून म्हणाल्या.

"अजून त्या काही बोलल्या कुठे?" शिल्लकराव म्हणाले.

"मला कळलं. घ्या, बोला."

ठोकळ्यात तीनपैकी दोन धागे शाबूत निघाले होते, आणि तेवढे पुरले. दोन जीन, ज्यांनी एकमेकांपासून लांब राहायचं, ते तुटून एकमेकांना चिकटले होते, आणि त्या जोडगोळीमुळे पेशींना सारखा वाढण्याचा हुकूम सुटत होता. शंभरात चार-पाच जणांमध्ये सापडतो असा बिघाड. त्याच्यावर गोळी होती. दिवसाला एक.

"केमो?" मेव्हण्यांनी दवाखान्यात विचारलं.

"आत्ता गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"एवढ्याशा गोळीने होणार?" मेव्हणे गोळीकडे संशयाने बघत म्हणाले. ट्रकच्या टायरांत आयुष्य गेलेल्या माणसाला वस्तूचा आकार महत्त्वाचा वाटतो.

डॉक्टरांनी दुसरी बाजूही सांगितली. पायांवर थोडी सूज येईल, वजन वाढेल, रक्तातली चरबी बघत राहावी लागेल, कधी एखादा शब्द पटकन आठवणार नाही.

"कुठला शब्द विसरतील ते आपण ठरवू शकतो का?" बाईंनी विचारलं. "माझ्याकडे यादी आहे."

शिल्लकराव गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत होते. डॉक्टरांनी बोट उचललं. "आणि काका, रोज म्हणजे रोज. एकही मागे ठेवायची नाही. पुढच्या महिन्याच्या मी देणार आहे."

"मी काही बोललोच नाही," शिल्लकराव म्हणाले.

"तुम्ही गप्प होतात," डॉक्टर म्हणाल्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं ते एकाच धंद्यातल्या माणसाकडे पाहावं तसं.

पहिला आठवडा काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात खोकला सकाळी उशिरा येऊ लागला, मग दुपारी, मग एखाद्या दिवशी रजेवर गेला. तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या एका म्हातारीने जिन्यातली खुर्ची मागितली, आणि शिल्लकरावांनी ती तिला देऊन टाकली.

दोन महिन्यांनी नवा स्कॅन झाला. डॉक्टरांनी दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. पहिल्यात उजवीकडे लिंबाएवढी गाठ, दुसऱ्यात तिथे वाळल्या वाटाण्याएवढं काहीतरी, आणि डावीकडचे ठिपके शोधावे लागत होते. मेव्हणे पुढे वाकून बघत राहिले. 'मी पहिल्यापासून' इथपर्यंत त्यांचं वाक्य आलं आणि तिथेच विरलं.

"हे फार चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण काका, रोग मुळासकट गेला असं मी म्हणणार नाही. गोळी त्याला दाबून धरते. कधीतरी तो वेगळी वाट काढू शकतो. तेव्हा परत तपासू, परत बघू काय मिळतं."

"कधीतरी म्हणजे कधी?" बाईंनी विचारलं.

"कुणाचं दोन वर्षांनी होतं, कुणाचं पाच. कुणाचं अजून झालेलं नाही. तुमचं मला आज सांगता येणार नाही."

बाई क्षणभर डॉक्टरांचा आवाज कानात घोळवत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली. लाइन स्वच्छ होती.

मेव्हणे गाडी आणायला निघाले, तर शिल्लकराव म्हणाले, "तू जा दुकानात. आम्ही चालत जातो पुढच्या थांब्यापर्यंत."

रुग्णालयाच्या भिंतीलगतचा रस्ता चढाचा होता. शिल्लकराव पुढे, बाई मागे. बाई बँकेत काय काम आहे ते सांगत होत्या, मग सांगायच्या थांबल्या. थांबा अजून शंभर पावलं होता, तेव्हा त्या एका कठड्यावर बसल्या.

"थांबा हो जरा. मला दम लागला."

"बस की. कुठे आग लागलीय?"

शिल्लकराव बसले नाहीत. हात मागे बांधून कठड्याशी उभे राहिले आणि शीळ घालू लागले. बाईंनी चाळीस वर्षांत त्यांना शीळ घालताना ऐकलं नव्हतं. एक थांबून दुसरी, दुसरी थांबून तिसरी, मध्ये कुठे तुटत नव्हती.

"कसली चाल आहे ही?"

"चाल कुठली. आत हवा आहे, ती वापरतोय."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. एक बस समोरून गेली, ती त्यांनी जाऊ दिली.

"वापरा," त्या म्हणाल्या. "पण जरा सुरात वापरा. लोक बघतायत."